फरशी पुसायची बादली

आमच्या घरात पाण्याच्या दोन जाती आहेत. एक प्यायचं, दुसरं फरशी पुसायचं. हा भेद आमच्या ह्यांनी घालून दिला आणि सासूबाईंपासून लेकीपर्यंत सगळे तो निमूट पाळत आले. न पाळून सांगता कुणाला? ह्यांची नोकरीच पाण्याची. अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका वर्कशॉपात आरओची मशीनं जोडायची, लोकांच्या व्हिलांत आणि फ्लॅटांत जाऊन बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची. पहाटे दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस येते, तिच्यात बसून हे अबू धाबीकडे जातात आणि संध्याकाळी घरी आले की आधी घरच्या मशीनवर हात फिरवतात. माझ्या पाठीवरून इतक्या वर्षांत एवढा फिरवला असेल तर शपथ.

मशीन म्हणजे काय, तर आत एक गुंडाळी असते, तिला मेंब्रेन म्हणतात. इतकी बारीक चाळण, की पाणी पलीकडे जातं आणि पाण्यात विरघळलेलं बाकी सगळं अलीकडे राहतं. पंप पाण्याला तिच्यावर दाबून धरतो. गाळलेलं पाणी निळ्या नळीने बाहेर येतं आणि मागे उरलेलं खारट पाणी लाल नळीने. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हे निघताना हिंदीत एकच वाक्य सांगतात, "नीली नली मुँह में, लाल नली बालटी में." झोपेतून उठवलंत तरी हेच म्हणतील. आमच्याकडेही लाल नळीखाली एक हिरवी बादली कायमची ठेवलेली. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात आणि रोज सकाळी त्या बादलीतल्या पाण्याने घरभर फरशी पुसतात. बाई लावू देत नाहीत. फरशी पुसली नाही तर मला जेवण जात नाही म्हणतात, आणि जेवण न गेलेल्या सासूबाई मला परवडणाऱ्या नाहीत.

अशा घरात वाढलेली आमची एकुलती एक लेक. इथल्याच ऊद मेथाच्या शाळेत शिकली, मग कॅनडाला गेली, तिथेच नोकरीला लागली. मागच्या वर्षी एका शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखं जेवलात का वगैरे झालं आणि मग तिने सांगितलं की एक मुलगा आहे. तिथलाच. क्यूबेकचा, घरी फ्रेंच बोलणारा. लग्न करायचं म्हणते. मी मराठीत काय काय विचारलं आणि तिने इंग्रजीत काय काय उत्तरं दिली ते सोडा. मला मुलगा फोटोतच आवडला. हसताना सगळे दात दाखवतो. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलं, त्याच्या घरी करतात काय? लेकीने सांगितलं की वडिलांची जमीन आहे, मेपलची झाडं आहेत, बर्फ वितळायला लागलं की झाडांना भोकं पाडून रस काढतात आणि तो आटवून त्याचा पाक करतात.

"म्हणजे गुऱ्हाळवालेच की," सासूबाई म्हणाल्या. त्या कराडकडच्या. गुऱ्हाळ म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने पत्रिका जुळली.

राहिले हे. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू."

ह्यांचं 'बघू' ज्याने अनुभवलं नाही त्याला काय कळणार. सोफा बदलू या का म्हटलं तेव्हा 'बघू' म्हणाले होते, त्या सोफ्यात आता माणूस बसला की गुडघे कानाला लागतात. लेक मात्र ह्यांचीच. ती म्हणाली, बाबा 'हो' म्हणेपर्यंत मी तारीख धरणार नाही. थांबेन. आणि खरंच थांबली. दर आठवड्याला कॉल यायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, आणि दोघंही त्या एका शब्दाच्या भोवतीने जपून चालायची. मधल्या मध्ये माझा जीव टांगणीला.

शेवटी मीच एक दिवस ह्यांना धरलं. म्हटलं, गोरा आहे म्हणून नको का? लांब जाईल म्हणून? लोक काय म्हणतील म्हणून? हे नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मी त्या पोराच्या बापाशी बोलू काय? उद्या पोरीला काही दुखलं-खुपलं, काही भांडण झालं, तर मी त्याच्या बापाला फोन करून काय सांगू? मला गिऱ्हाइकापुरतं इंग्रजी येतं. पाणी बंद करा, पाणी सुरू करा. ज्या घरात मला चार वाक्यं बोलता येणार नाहीत त्या घरात मी पोरगी कशी पाठवू?"

इतक्या महिन्यांत मी ह्यांना मनातल्या मनात हट्टी, जुनाट, काय काय म्हणून घेतलं होतं. माणूस नुसता घाबरला होता हो.

लेकीला मी हे सांगितलं. तिनेही डोकं चालवलं असावं, कारण थंडीत मुलाला आईवडिलांसकट आठवडाभर दुबईला आणायचं तिने ठरवलं. भेटायला, एवढंच. ठरवायला नाही. आणि पुढच्या कॉलवर तिने सहज बोलल्यासारखं करून बाबांना सांगितलं की त्याच्या वडिलांनी घरीच एक आरओ मशीन बनवलंय.

ह्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

भानगड अशी, की मेपलचा रस म्हणजे अगदी पातळ काम. उसाच्या रसासारखा गोड नसतो तो, जवळजवळ पाणीच. चाळीसेक भांडी आटवावी तेव्हा एक भांडं पाक हाती लागतो. नुसता जाळून किती जाळणार? म्हणून हे गृहस्थ आधी रस आरओतून काढून त्यातलं बरंच पाणी कमी करतात आणि मग उरलेला चुलीवर चढवतात. मशीन त्यांनी जुन्या सुट्या भागांतून स्वतः जोडलेलं. लेकीने त्याचा व्हिडिओ पाठवला. हे तो बाथरूममध्येसुद्धा घेऊन जायचे. पंप छोटा पडतोय, जोड स्वस्तातले वापरलेत, पण मांडणी हुशारीची आहे, असं मला दिवसातून तीनदा सांगायचे. लेक समोर आली की पुन्हा हवापाणी.

मग ह्यांच्या डोक्यात ते भूत शिरलं. आपणही मेपलचा पाक करायचा. आपल्या हाताने, आपल्या मशीनवर. पाहुणे आले की बाटली समोर ठेवायची आणि म्हणायचं, "दिस, आय मेड." पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल. मी म्हटलं, अहो, वाळवंटात मेपल आणणार कुठून? इथे आहेत ती खजुराची झाडं, त्यांना भोकं पाडलीत तर नगरपालिका तुम्हालाच भोक पाडेल.

पण माणसाचं नशीब बघा. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक सिंधी भाई राहतात, त्यांचा खाण्यापिण्याच्या वस्तू आयात करायचा धंदा. त्यांनी हौसेने मेपल वॉटर म्हणून खोक्याखोक्यांनी माल मागवला होता. झाडातून काढलेला तोच तो पातळ रस, डब्यांत भरलेला. तब्येतीला चांगला म्हणून विकायचा. कुणी घेईना. ज्याने प्यायला तो म्हणाला हे तर पाणी आहे. तारीख संपत आली, फेकून द्यायची वेळ आली, तेव्हा भाई लिफ्टमध्ये ह्यांच्याजवळ रडले. ह्यांनी तिथेच त्यांना मिठी मारली असं म्हणतात. संध्याकाळी आमच्या पॅसेजमध्ये छतापर्यंत खोकी. बाथरूमला जायचं तर आडवं होऊन जायचं.

लेक पाहुण्यांच्या आठवडाभर आधी एकटीच आली. खोकी बघून तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर आणि ओढणी कोंबून हसलो. किती दिवसांनी हसलो अशा. बाहेर हे बाल्कनीत पाटावर बसून मशीन जोडत होते. दोन जुनी मेंब्रेनं, एक पंप, जुन्या नळ्या. शिट्टी वाजवत होते. आमच्या लग्नात सनई वाजली त्यानंतर ह्यांच्याकडून मी काही सूर ऐकला असेल तर तो हाच.

सासूबाईंची वेगळीच तयारी चालू होती. त्यांनी कपाटातून शर्टपीस, साडी आणि नारळ काढून ठेवले होते. व्याह्यांचा मान. ह्यांनी ते पाहिलं आणि ह्यांची शिट्टी थांबली. म्हणाले, आई, हे आत ठेव. अजून काही ठरलेलं नाही. मान व्याह्यांना देतात, ते पाहुणे आहेत. सासूबाईंनी सगळं परत कपाटात ठेवलं. लेकीला त्यातलं फारसं कळलं नाही, पण बाबांचा आवाज कळला. ती बाल्कनीत जाऊन तुळशीशी उभी राहिली आणि बराच वेळ आत आली नाही. मला ह्यांचा असा राग आला की रात्रीच्या आमटीत मी मुद्दाम गूळ घातला नाही.

पाहुणे शनिवारी दुपारी यायचे होते. शुक्रवारी हे जेवणाआधीच घरी आले आणि कामाला लागले. निम्मी खोकी फोडली, डबे ड्रममध्ये ओतले, पंप सुरू केला. मशीन कसं सुरेख चाललं! तक्रारीला जागा नाही. इकडची नळी माझ्या मोठ्या पातेल्यात, तिकडची नळी बादलीत. पातेलं भरलं, तसं ते शेगडीवर चढलं. एक्झॉस्ट लावला, खिडकी उघडली, वाफेने अलार्म वाजू नये म्हणून लेक टेबलफॅन धरून उभी. उकळून थोडं कमी झालं की हे वरून पुन्हा भर घालत. रस उकळून पाक होईना. चाखलं, तर पाणी. पण तो रस मुळातच पाण्यासारखा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अजून आटू दे, हे म्हणत राहिले. तार येईल. सासूबाई दर थोड्या वेळाने झारा बुडवून दोन बोटांत तार बघत. तार कसली, बोटं भाजली फक्त.

अंधार पडायच्या सुमाराला पातेल्यातलं सगळं आटलं. सगळं म्हणजे सगळं. तळाला साखरेचा डाग नाही, साधा पाण्याचा पांढरा वळसुद्धा नाही. पातेलं घासून ठेवल्यासारखं लख्ख.

हे त्या पातेल्यात बघत राहिले. मग फोन उचलला आणि भाईंना म्हणाले की भाई, तुम्ही मला पाणी दिलंत. भाई म्हणाले, तेच तर मी म्हणत होतो, लोक सुद्धा तेच म्हणतात. हे म्हणाले, फसवणूक आहे, झाडाचं नाव सांगून नळाचं पाणी विकलंय कुणीतरी. भाई म्हणाले, फुकट दिलं ना यार. त्यावर ह्यांनी खलास, खलास म्हणून फोन ठेवला आणि जेवायला बसले. बाटली एक आणून, धुऊन, पुसून तयार ठेवली होती. ती ह्यांनी ओट्याखाली सरकवली. त्या दिवशी आमटीत गूळ न घातल्याचं मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी सासूबाई लवकर उठल्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी फरशी दोनदा पुसली. हॉल, दोन्ही बेडरूम, पॅसेज, बाल्कनी. तुळशीलाही तांब्याभर पाणी घातलं. पुरण मी आदल्या दिवशीच वाटून ठेवलं होतं, मी पोळ्या लाटायला बसले. ऊन वर आलं, फरशी वाळली आणि घरात एक चमत्कारिक आवाज सुरू झाला. कुणीही चाललं की चर्र, चर्र. चप्पल उचलावी तर फरशी सोडेना. मला वाटलं पोळ्यांचं तूप सांडलं. लेक म्हणाली, "आई, द फ्लोर इज होल्डिंग मी." तेवढ्यात बेल वाजली.

मुलगा पुढे, मागे त्याचे आईवडील. वडील उंच, लाल गालांचे, हातात मोठा फुलांचा गुच्छ. लेकीने आधीच शिकवून ठेवलं असावं, कारण दारातच तिघांनी बूट काढले. हे इस्त्रीचा शर्ट घालून हात जोडून उभे. "वेलकम," हे म्हणाले. ते म्हणाले, "थँक यू." मग दोघं गप्प. ह्यांच्या कपाळावर घाम, त्यांच्या कपाळावर घाम. जी भीती ह्यांनी वर्षभर उराशी धरली होती ती अशी दारातच येऊन उभी राहिली आणि मला पोळी करपल्याचा वास येत असूनही हलवेना.

ते पाहुणे एक पाऊल आत आले. चर्र. दुसरं पाऊल. चर्र. ते थांबले. एक पाय उचलला, मोज्याचा तळवा बघितला. मग तो एवढा उंच माणूस आमच्या हॉलच्या मधोमध गुडघ्यावर बसला. फरशीवर दोन बोटं फिरवली आणि ती बोटं एकमेकांवर चोळली, सासूबाई तार बघतात ना, अगदी तशी. मान वर करून त्यांनी बाल्कनीतलं मशीन पाहिलं, ड्रम पाहिला, नळ्या पाहिल्या. आणि ह्यांना विचारलं, "विच पाइप?"

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी काही नाही. मग रंग चढायला लागला, मानेपासून कानापर्यंत. हे बाल्कनीकडे गेले, निळी नळी हातात घेतली, लाल नळी हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

मेंब्रेनमधून पाणी जातं, बाकी सगळं अलीकडे राहतं. साखरसुद्धा. म्हणजे निळ्या नळीतून आलं ते नुसतं पाणी, आणि मेपलची सगळी साखर गेली लाल नळीने. लाल नळी बालटी में! आयुष्यभर जे लोकांना सांगितलं तेच ह्यांच्या हाताने केलं. आख्खी दुपार आम्ही शेगडीवर शुद्ध पाणी उकळलं आणि माझ्या सासूने झाडाच्या साखरेने घर सारवलं. दोनदा.

हे हळूच म्हणाले, "रेड पाइप. बकेट. माय मदर... फ्लोर." आणि सासूबाईंकडे बोट दाखवलं.

त्या माणसाला ते समजायला एक क्षण लागला. मग ते जे हसायला लागले! बसल्या जागी मागे कलंडले आणि पँटीसकट फरशीला चिकटले. त्यांना उठवायला हे पुढे गेले, ह्यांचा पाय चिकटला, हे त्यांच्याशेजारी बसले, आणि मग हेही हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ह्यांना असं हसताना मी कधी पाहिलं होतं का, आठवत नाही. लेक तोंडावर हात धरून भिंतीला टेकली होती आणि हसते आहे की रडते आहे ते सांगता येत नव्हतं. सासूबाई एकट्याच खंबीर. त्या म्हणाल्या, तरीच तुळशीला सकाळपासून मुंग्या.

त्यानंतर जे झालं त्याला पाहुणचार म्हणायचं तर म्हणा. गरम पाण्याच्या बादल्या निघाल्या. मुलाच्या आईने बाह्या सरसावल्या आणि सासूबाईंच्या हातातून फडकं घेतलं. होणाऱ्या विहीणबाईंच्या हातात फरशीचं फडकं बघून सासूबाईंचा जीव वरखाली. त्या मराठीत नको नको म्हणत फडकं ओढत होत्या, ती फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणत ओढत होती, शेवटी दोघींनी मिळून हॉल पुसला. मुलगा मुंग्या झटकत होता. मी करपलेली पोळी टाकून दुसरी लाटली.

आणि ते दोघं बाल्कनीत. उरलेली खोकी फोडली. या खेपेला लाल नळी परत ड्रममध्ये सोडली, म्हणजे रस फिरून फिरून घट्ट होईल, आणि निळी बादलीत. मी चहा घेऊन गेले तर दोघं पाटांवर मांडी घालून बसलेले, आणि बोलत होते. खरंच बोलत होते! त्या माणसाचं इंग्रजीही आमच्या ह्यांच्याइतकंच लंगडं होतं हो. एकाचं वाक्य मध्येच बसायचं, दुसरा हाताने उचलायचा. लेक नंतर मला म्हणाली की ते विमानात पूर्ण वेळ इंग्रजी वाक्यं पाठ करत होते, आणि उतरताना मुलाला विचारत होते की मी तिच्या वडिलांशी काय बोलू.

हे त्यांना सांगत होते की तुमचा रस बर्फासारखा गार, म्हणून मेंब्रेन आळशासारखं चालतं, इथे उकाड्यात ते पळतं. ते सांगत होते की पहिल्या हिवाळ्यात मशीन शेडमध्येच राहिलं, आतलं पाणी गोठलं आणि सगळं फुटलं, बायको आठवडाभर बोलली नाही. हे म्हणाले, वन वीक ओन्ली? मग दोघांनी आत माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसले. मी चहा ठेवून आले. मला काही त्यात पडायचं नव्हतं. दाराशी मात्र थोडी रेंगाळले. समुद्राचं पाणी गाळून पिणारं हे आमचं गाव आणि झाडाचं पाणी गाळून पाक करणारं त्यांचं, आणि मध्ये ती एक गुंडाळी. मला तेव्हा फार बरं वाटलं, एवढंच सांगते.

पाक झाला. शेगडीवर शेवटी सोनेरी फेस आला, घरभर वास सुटला, सासूबाईंनी तार पाहिली आणि मान डोलावली. निम्मा माल फरशीत मुरल्यामुळे जेमतेम दीड-दोन पेले निघाला. तो आम्ही पुरणपोळीवर घातला, तुपाबरोबर. मुलाच्या वडिलांनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. ओट्याखालची बाटली हे काढायला गेले, पण भरायला पाक उरलाच नाही.

आठवडा कसा गेला कळलं नाही. संध्याकाळी हे बसमधून उतरले की ते गृहस्थ कोपऱ्यावर उभे असायचे. एक दिवस रजा काढून हे त्यांना मुसफ्फाला घेऊन गेले, वर्कशॉप दाखवलं. बुर्ज वगैरे बाकीच्यांनी पाहिला. त्यांनी मेंब्रेनं पाहिली आणि खूश होऊन आले. पण लेकीला जो शब्द हवा होता तो काही ह्यांनी काढला नाही. तिनेही विचारलं नाही. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "इट्स ओके, आई. आय कॅन वेट." तिचं तोंड इतकंसं झालं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे पाना-पक्कड घेऊन कसलं तरी खोकं बांधत बसले होते. म्हटलं, या माणसाला आता नळीच बांधावी गळ्यात.

निघायची वेळ झाली. बॅगा दारात, टॅक्सी खाली. हे पुढे झाले आणि म्हणाले, वन मिनिट, प्लीज सिट. पाहुण्यांना सोफ्यावर बसवलं. ते त्या सोफ्यात खोल गेले, गुडघे कानाला लागले. मग ह्यांनी सासूबाईंना हाक मारली.

"आई, कपाटातलं ते काढ."

सासूबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. कुंकवाचा करंडा, शर्टपीस, साडी, नारळ, सगळं तबकात ठेवून त्या अशा चटकन आल्या की मला वाटतं आठवडाभर दाराआडच उभ्या होत्या. हे आत गेले आणि ते खोकं घेऊन आले. नवं कोरं मेंब्रेन, त्याच्याबरोबर चांगले जोड, आणि वर हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली. ते शर्टपीसच्या शेजारी ठेवलं. गृहस्थांच्या कपाळाला कुंकू लावलं, मी त्यांच्या बायकोला लावलं, तिची ओटी भरली. ह्यांनी तबक त्यांच्या हातात दिलं.

"दिस मार्च," हे म्हणाले, "आय विल कम. आय विल फिट."

त्या माणसाने खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्याला कुंकवाचा अर्थ माहीत नव्हता, पण मेंब्रेनचा माहीत होता.

लेक मात्र दारात गोंधळून उभी. बाबा, ते, तबक, असं सगळ्यांकडे बघत तिने मला हळूच विचारलं, "आई, व्हॉट इज बाबा डूइंग?"

मला तिला एवढंच सांगायचं होतं की हा व्याह्यांचा मान आहे, आणि मान व्याह्यांनाच देतात. पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनीच ते सांगून टाकलं. लेकीने ते ऐकलं आणि बाबांच्या गळ्यात पडली. हे तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मशीनवर फिरवतात तसा, आणि खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला.